मालवाहू व्हॅनचे टायर: निवड वजनावरून, निगा हवेवरून

मालवाहू व्हॅनचे टायर बदलायची वेळ आली की बहुतेक मालक जुन्या टायरवरचे माप वाचतात, त्याच मापाचा परवडेल तो टायर मागतात आणि विषय संपवतात. छोट्या मोटारीच्या बाबतीत ही रीत बहुतेक वेळा निभावून जाते. व्हॅनच्या बाबतीत ती धोक्याची आहे, कारण दोन टायरांचे माप तंतोतंत सारखे असूनही त्यांच्या वजन पेलण्याच्या क्षमतेत पाव टनाहून अधिक फरक असू शकतो. मोटारीत एकटा चालक असो किंवा चार माणसे, टायरवरचा भार फारसा बदलत नाही. व्हॅन मात्र सकाळी टनभर माल घेऊन निघते, संध्याकाळी रिकामी परत येते, दिवसभर थांबत-सुटत राहते आणि पदपथांच्या कडांना घासतही जाते. म्हणून तिच्या टायरचा विचार वजनापासून सुरू करावा लागतो आणि वजनाचा विचार सुरू झाला की तो लगेच हवेवर येऊन ठेपतो.

गाडीचे वजन रबर पेलते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते मुख्यतः आत कोंडलेली हवा पेलते. रबर, धागे आणि पोलादी तारांचे पट्टे यांचे काम त्या हवेला धरून ठेवण्याचे आणि रस्त्याला पकडण्याचे असते. एका चाकावर ९०० किलो भार आहे आणि टायरमध्ये ६५ पीएसआय (दर चौरस इंचावर ६५ पौंड), म्हणजे सुमारे ४.५ बार दाबाची हवा आहे, असे धरू. हा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे साधारण ४.६ किलो भार उचलतो. म्हणजे ९०० किलोंसाठी सुमारे १९६ चौरस सेंटिमीटर, अर्थात १४ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद, एवढा रबराचा भाग रस्त्याला टेकलेला असतो. टायरच्या अंगच्या ताठपणामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा वेगळा येईल, पण हिशेबाची दिशा बदलत नाही. आता तीच हवा ४५ पीएसआयवर उतरली, तर तेवढाच भार उचलायला सुमारे २८५ चौरस सेंटिमीटर लागतात. टायरची रुंदी काही वाढत नाही. त्यामुळे टायर खाली बसतो, त्याच्या बाजूच्या भिंती बाहेर फुगतात आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्या भिंती मर्यादेबाहेर वाकून पुन्हा सरळ होतात. या सततच्या वाकण्यातून उष्णता तयार होते. ती साठत गेली की रबर आणि पोलादी पट्टे यांच्यातली पकड सुटू लागते आणि भरधाव भरलेल्या गाडीचा टायर फुटतो. अशा वेळी लोक टायरला किंवा उन्हाला दोष देतात. टायर फुटण्याची तयारी मात्र त्याआधी कित्येक दिवस, कमी हवेवर गाडी चालवत असताना झालेली असते.

टायरच्या बाजूवर कोरलेले आकडे या दृष्टीने वाचायला हवेत. समजा, टायरवर '२१५/६५ आर १६ सी १०९/१०७ टी' असे आहे. २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आहे. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १४० मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी आणि १६ हा रिमचा व्यास इंचांमध्ये. इथपर्यंतची माहिती बहुतेकांना असते आणि दुकानात विचारलीही एवढीच जाते. खरे महत्त्व त्यापुढच्या भागाला आहे. 'सी' हे अक्षर टायर व्यावसायिक मालवाहू वाहनासाठी बांधल्याचे सांगते. १०९ हा भारनिर्देशांक आहे. तो किलोंचा आकडा नाही, तर एका ठरलेल्या तक्त्यातला क्रमांक आहे. त्या तक्त्यात १०९ म्हणजे १,०३० किलो. दुसरा आकडा, १०७, म्हणजे ९७५ किलो. मागच्या बाजूला दोन-दोन टायर जोडीने बसवले असतील तर प्रत्येकाने पेलायचा भार. शेवटचे 'टी' हे अक्षर ताशी १९० किलोमीटर ही वेगमर्यादा दाखवते.

याच २१५/६५ आर १६ मापाचा मोटारीसाठीचा टायर बाजारात सहज मिळतो. रिमवर तो बिनतक्रार बसतो आणि दिसतोही जवळपास तसाच. त्याच्यावर मात्र 'सी' नसते आणि भारनिर्देशांक सहसा ९८ असतो, म्हणजे ७५० किलो. व्हॅनच्या मागच्या ॲक्सलवर कमाल १,८०० किलो भार येऊ शकतो, असे उत्पादकाने लिहिले असेल, तर 'सी' प्रकारचे दोन टायर मिळून २,०६० किलो पेलतात आणि वर थोडी मोकळीक उरते. मोटारीचे दोन टायर मिळून जेमतेम १,५०० किलो पेलतात. म्हणजे माप बरोबर, किंमत कमी आणि गाडी पूर्ण भरताच टायर ३०० किलोंनी अपुरे. यापेक्षा महाग बचत दुसरी नसेल. हाच नियम रिमलाही लागू आहे. मोटारीचे सुबक अलॉय रिम व्हॅनच्या भोकांना जुळले, तरी त्यांची स्वतःची भारमर्यादा कमी असू शकते. ती रिमच्या आतल्या बाजूला कोरलेली पाहिल्याशिवाय ते बसवू नयेत.

व्हॅनच्या टायरवर '८ पीआर' किंवा '१० पीआर' असेही लिहिलेले आढळते. सुती कापडाचे थर देऊन टायर बांधले जात, त्या काळी हा थरांचा खराखुरा आकडा होता. आज तेवढे थर आत नसतात; हा आकडा आता फक्त मजबुतीची श्रेणी सांगतो. काही टायरांच्या मापाआधी 'एलटी' ही अक्षरे असतात आणि त्यांची श्रेणी 'लोड रेंज सी, डी, ई' अशी, म्हणजे अनुक्रमे ६, ८ आणि १० पीआरच्या बरोबरीची, लिहिली जाते. ही अमेरिकी पद्धत आहे. त्यातला 'लोड रेंज सी' आणि मापाच्या शेवटी येणारा 'सी' यांचा परस्परांशी संबंध नाही, एवढे लक्षात ठेवले की गोंधळ टळतो.

आपल्या व्हॅनला किती क्षमतेचे टायर लागतात, हे ठरवायला अंदाजाची गरज नाही. दाराच्या खांबावर किंवा इंजिनाजवळ लावलेल्या पट्टीवर गाडीचे एकूण कमाल वजन आणि पुढच्या व मागच्या ॲक्सलवरची कमाल वजने दिलेली असतात. ॲक्सलवरच्या दोन टायरांची मिळून क्षमता त्या ॲक्सलच्या कमाल वजनाहून कमी असता कामा नये. उत्पादकाने सांगितलेल्या भारनिर्देशांकाच्या खाली जाऊ नये. वर जायला हरकत नाही, पण टायर जास्त क्षमतेचा घातला म्हणून गाडीची माल वाहण्याची मर्यादा वाढत नाही. कमानी, ब्रेक आणि ॲक्सल तेच राहतात.

कागदावरच्या या हिशेबाला एकदा तरी वजनकाट्याची जोड द्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नेहमीसारखा माल भरून आधी पूर्ण गाडीचे वजन घ्यावे, मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून मागच्या ॲक्सलचे. अनेकदा असे दिसते, की एकूण वजन मर्यादेत आहे आणि मागचा ॲक्सल मात्र मर्यादेबाहेर गेला आहे. याचे कारण माल ठेवण्याच्या जागेत असते. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ३ मीटर अंतर असलेल्या व्हॅनमध्ये ३०० किलोंची पेटी मागच्या चाकांच्याही मागे ६० सेंटिमीटरवर ठेवली, तर मागच्या ॲक्सलवर ३०० नव्हे, तर ३६० किलो भार वाढतो आणि पुढच्या ॲक्सलवरून ६० किलो उचलला जातो. पुढची चाके हलकी झाल्यामुळे स्टिअरिंगची पकडही कमी होते. मागचे दार उघडून सोयीसाठी दाराजवळच जड माल लादण्याची सवय टायरांना अशी महाग पडते. जड वस्तू चालकामागच्या भिंतीला टेकून ठेवाव्यात. अवजारांची कपाटे एकाच बाजूला बसवलेली असतील, तर त्या बाजूचे टायर वेगळे तपासावेत.

आता हवेकडे वळू. मोटारीच्या टायरमध्ये ३२ ते ३६ पीएसआय हवा पुरते, म्हणून व्हॅनलाही तेवढीच किंवा 'थोडी जास्त' हवा भरणारे पुष्कळ आहेत. ८ पीआरचा 'सी' टायर आपली पूर्ण क्षमता साधारण ६५ ते ६९ पीएसआयला देतो. त्याच्यावर लिहिलेला भारनिर्देशांक त्या दाबावरच खरा आहे. चाळीस पीएसआयवर तोच टायर पूर्ण भार पेलू शकत नाही, मग तो कितीही उत्तम कंपनीचा असो. नेमका दाब किती ठेवायचा, हे गाडीवरची पट्टी किंवा पुस्तिका सांगते. तिथे बहुधा पुढच्या व मागच्या चाकांसाठी वेगळे आणि अर्ध्या व पूर्ण भारासाठीही वेगळे आकडे असतात. टायरच्या बाजूवर 'कमाल' म्हणून लिहिलेला दाब ही टायरविषयीची माहिती आहे, आपल्या गाडीसाठीची सूचना नव्हे. उलट दिशेची चूकही टाळायला हवी. पूर्ण भाराची हवा ठेवून गाडी सतत रिकामी पळवली, तर टायर मधल्या पट्ट्यावरच झिजतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताच मागची बाजू चटकन सरकते. ज्यांची गाडी कायम अर्धीच भरते, त्यांनी पुस्तिकेतला अर्ध्या भाराचा आकडा पाळावा. ज्यांचा भार दिवसागणिक बदलतो, त्यांनी जास्त भाराचा आकडा धरणे सुरक्षित.

दाब नेहमी थंड टायरचा मोजायचा असतो, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. कोंडलेल्या हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो. ६५ पीएसआयच्या टायरमध्ये ही वाढ दर १० अंश सेल्सियसमागे साधारण पावणेतीन पीएसआय असते. लांबचा पल्ला मारून आलेल्या गाडीचा टायर ३० अंशांनी तापला असेल, तर मीटरवर सुमारे ७३ पीएसआय दिसेल. ते पाहून घाबरून हवा सोडली, की दुसऱ्या दिवशी सकाळी टायर ८ पीएसआयने कमी भरतो आणि त्या अवस्थेत त्याच्यावर पुन्हा माल लादला जातो. तापलेल्या टायरची हवा कधीही सोडू नये. पंक्चर नसतानाही टायरमधून महिन्याकाठी एखादा पीएसआय हवा आपोआप झिरपत असते, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी आणि मोठ्या फेरीआधी दाब पाहणे गरजेचे. त्यासाठी १०० पीएसआयपर्यंत मोजणारा स्वतःचा मीटर गाडीत असावा. दाब कमी झाल्यावर दिवा लावणारी यंत्रणा गाडीत असली, तरी ती बहुधा २० ते २५ टक्के हवा गेल्यावरच इशारा देते. ६५ पीएसआयचा टायर ४९ वर येईपर्यंत दिवा शांत राहू शकतो.

इथे एका छोट्या भागाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते, तो म्हणजे व्हॉल्व्ह. मोटारीच्या रिममध्ये दाबून बसवला जाणारा साधा रबरी व्हॉल्व्ह जास्तीत जास्त ६५ पीएसआयपर्यंतच्या थंड दाबासाठी असतो. व्हॅनच्या टायरला याहून जास्त दाब लागत असेल, तर उच्च दाबाचा रबरी व्हॉल्व्ह किंवा नटाने आवळलेला धातूचा व्हॉल्व्हच हवा. टायर बसवताना घाईत साधा व्हॉल्व्ह लावला जातो आणि उत्तम टायर या क्षुल्लक भागापायी वाटेत बसतो. बसवणाऱ्याला व्हॉल्व्हबद्दल आधीच सांगावे, तो दर वेळी नवा घ्यावा आणि त्याचे टोपणही जागेवर ठेवावे, म्हणजे धूळ-पाणी आत शिरत नाही.

नक्षीच्या निवडीत वजनाइतके खोलात जावे लागत नाही. गाडी दिवसाचा बहुतेक वेळ कोणत्या रस्त्यावर असते, एवढे प्रामाणिकपणे पाहिले की पुरे. महामार्गावर धावणाऱ्या गाडीला लांबलचक सरळ खाचांची नक्षी योग्य असते; ती कमी आवाज करते आणि इंधनही वाचवते. गल्लीबोळांत घरोघरी माल पोचवणाऱ्या गाडीसाठी बाजूच्या भिंतीवर जाड रबराची संरक्षक पट्टी असलेला टायर घ्यावा, कारण तिथे नक्षी झिजण्याआधी भिंतच कडांना घासून निकामी होते. बांधकामाच्या जागी, माती-खडीत जाणाऱ्या गाडीला खोल, ठोकळेदार नक्षी हवी, पण तीच नक्षी डांबरी रस्त्यावर लवकर झिजते. जिथे हिवाळ्यात तापमान ७ अंशांखाली राहते, तिथे साध्या टायरचे रबर कडक होऊन पकड घटते. अशा ठिकाणी तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण कोरलेले चिन्ह पाहून टायर घ्यावा. हे चिन्ह बर्फावरच्या चाचणीनंतर मिळते; नुसत्या 'एम+एस' (चिखल आणि बर्फ) या अक्षरांमागे तशी चाचणी असेलच असे नाही.

झिजलेला टायर गाडीबद्दल बरेच काही सांगतो आणि ते वाचायला शिकणे फायद्याचे आहे. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी राहते आहे. मधलाच पट्टा झिजला असेल तर ती जास्त आहे. एकच कड झिजली असेल तर चाकाचा कल किंवा सस्पेन्शनचे सांधे बिघडले आहेत. गाडी उभी असताना हातमोजा घालून पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवावा. मोजा हवाच, कारण झिजलेल्या रबरातून पोलादी तार वर आलेली असू शकते. आतून बाहेर जाताना गुळगुळीत आणि बाहेरून आत येताना ठोकळ्यांच्या कडा टोकदार लागल्या, किंवा याच्या उलट झाले, तर अलाइनमेंट बिघडली आहे हे नक्की. ठरावीक अंतरावर खोलगट चट्टे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर थकले आहेत किंवा चाकाचा बॅलन्स गेला आहे. अशा वेळी कारण दुरुस्त न करता नवा टायर घातला, तर तोही त्याच वाटेने जातो.

नवीन व्हॅन टायरच्या खाचा साधारण ८ ते १० मिलिमीटर खोल असतात. खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की १.६ मिलिमीटर उरले असे समजावे. अनेक देशांत हीच कायद्याची किमान मर्यादा आहे. मात्र ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारण्याची ताकद त्याआधीच पुष्कळ कमी झालेली असते, म्हणून भरलेल्या गाडीसाठी ३ मिलिमीटरला टायर बदलणे मी योग्य मानतो. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या व्हॅनचे पुढचे टायर लवकर झिजतात. चारही टायर एकाच मापाचे आणि क्षमतेचे असतील, तर दर ८ ते १० हजार किलोमीटरला त्यांची अदलाबदल करावी आणि नवा दाब पुस्तिकेप्रमाणे लावून घ्यावा. दोनच नवे टायर घेतले तर ते मागे बसवावेत, कारण मागची पकड सुटली की गाडी सावरणे सर्वांत कठीण. एकाच ॲक्सलवर दोन वेगवेगळ्या जातींचे टायर मात्र कधीच नकोत.

पंक्चरच्या बाबतीत एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी. हवा गेलेल्या टायरवर भरलेली गाडी थोडे अंतर जरी चालली असेल, तर टायर रिमवरून उतरवून आतून पाहिल्याशिवाय तो पुन्हा वापरू नये. आत काळ्या रबराचा चुरा पडलेला दिसला किंवा भिंतीच्या आतल्या बाजूला गोलाकार घासल्याची रेघ दिसली, तर त्या भिंती आतून चिरडल्या गेल्या आहेत. बाहेरून असा टायर नव्यासारखा दिसतो आणि भार पडताच दगा देतो. दुरुस्ती फक्त नक्षीच्या मधल्या भागातल्या लहान भोकाची, तीही आतून लावल्या जाणाऱ्या छत्रीच्या आकाराच्या पॅचने व्हावी. बाहेरून खुपसलेली वात गाडी दुकानापर्यंत नेण्यापुरती ठीक आहे, कायमची नव्हे. कडेला किंवा भिंतीला भोक पडले असेल तर टायर बदलणे हाच उपाय.

टायर न वापरताही म्हातारा होतो. बाजूवरच्या 'डॉट' अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे त्याच्या जन्माची वेळ सांगतात: ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५वा आठवडा. खरेदी करताना हे आकडे स्वतः वाचावेत. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षे झालेला टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी काढावा. गाडीखाली टांगलेली स्टेपनी या नियमातून सुटत नाही. ती चिखल-पाणी खात वर्षानुवर्षे तशीच राहते, तिची हवा गेलेली असते आणि तिला खाली सोडणारी साखळी गंजलेली असते. तिच्यात मागच्या चाकांसाठी सांगितलेली पूर्ण भाराची हवा ठेवावी. पुढे बसवताना ती कमी करता येते, पण वाटेत वाढवता येत नाही.

मागे जोडीचे टायर असलेल्या गाड्यांत आतल्या टायरकडे दुर्लक्ष होणे ही नेहमीची गोष्ट आहे. आतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरचा टायर गाडी सरळ उभी ठेवतो, त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि बाहेरच्यावर दुप्पट भार पडत राहतो. हातोडी मारून आवाजावरून अंदाज घेण्याऐवजी व्हॉल्व्हला लांब नळी जोडून दोन्हींचा दाब मीटरने मोजावा. जोडीतले टायर सारखेच झिजलेले असावेत, कारण कमी झिजलेला टायर व्यासाने मोठा असतो आणि जास्त भार ओढून घेतो. दोन्हींच्या फटीत अडकलेले दगड काढून टाकावेत.

चाक कोणतेही आणि कोणत्याही कारणाने उतरवले असो, नट पुस्तिकेत दिलेल्या ताकदीनेच, टॉर्क पान्याने आणि समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. ५० ते १०० किलोमीटर गाडी चालल्यावर त्याच पान्याने ते पुन्हा एकदा तपासावेत.